थारोळं: रक्ताचं नव्हे, पाण्याचं

प्रश्न असा आहे: बातम्यांत ‘रक्ताच्या थारोळ्यात पडलेला’ असं नेहमी वाचतो, हे थारोळं म्हणजे नेमकं काय, आणि रक्ताशिवाय हा शब्द वापरता येतो का?

येतो. मुळात तो पाण्याचाच शब्द. विहिरीवर मोट, म्हणजे बैलांनी ओढून पाणी वर काढायची कातड्याची मोठी पिशवी, चालायची, तेव्हा वर आलेलं पाणी काठावरच्या ज्या कुंडात पडायचं, ते थारोळं. शब्दकोश हातात येण्याआधी मला ते आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी दाखवलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमचा मळा साताऱ्याकडे, खटाव तालुक्यात. मला कळायला लागलं तेव्हा विहिरीवर डिझेल इंजिन आलं होतं आणि कातड्याची मोट गोठ्यात आढ्याला वाळत टांगलेली होती. धाव मात्र शाबूत होती. धाव म्हणजे विहिरीपासून खाली जाणारा बैलांचा उतार. आबा मला तिथे उभं करायचे आणि बैल नसताना नुसत्या हातवाऱ्यांनी मोट चालवून दाखवायचे. बैल उतरायला लागले की नाडा ताणतो आणि मोट वर येते. नाडा हा मोटेच्या तोंडाचा जाड दोर, सोंदूर हा तिच्या सोंडेचा, म्हणजे खालच्या नळीसारख्या भागाचा, बारीक दोर. विहिरीतून येताना सोंड वर दुमडलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. काठावर आली की सोंदूर तिला बाहेर ओढतो, सोंड सरळ होते आणि सगळं पाणी एकदम कोसळतं. ते थेट मातीवर पडलं तर पाट उखडून जाईल. दगडांनी बांधलेल्या थारोळ्यात त्याचा जोर मोडतो आणि मग ते निवांत पाटाला लागतं. “पान्याला आदी थारोळ्यात दम खाऊ द्यायचा,” असं आबा म्हणायचे.

आता तो वाक्प्रचार पुन्हा वाचा. डाग नाही, शिंतोडे नाहीत, मोट रिती झाल्यावर पाणी साचावं तसं साचलेलं रक्त. फार ताकदीची प्रतिमा आहे ही. मोटा गेल्या, थारोळी बुजली आणि शब्द एका विभक्तीत गोठला. ‘थारोळ्यात’ सगळ्यांना समजतं, नुसतं ‘थारोळं’ म्हटलं की माणसं थबकतात. ‘कानोसा’ जसा ‘घेणे’ सोडून फारसा कुठे भेटत नाही, तसंच हे.

(जाता जाता: निवडणुकीच्या बातम्यांत पक्षांची ‘मोट बांधतात’, ती ही मोट नव्हे. ती मोट म्हणजे गाठोडं. ‘आवळ्याची मोट’ आठवा.)

आमच्या घरात मात्र हा शब्द मोकळा होता. अंगणात कुणी घागर लवंडली की आबा म्हणत, “काय थारोळं केलंय रं!” पाऊस झाला की गोठ्यासमोर थारोळं. इंजिनाचं पाणीही त्यांनी जुन्या थारोळ्यातच सोडलं होतं, आणि उन्हाळ्यात आम्ही नातवंडं त्यात छातीपर्यंत बुडून बसायचो. संध्याकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. एकदा अपघाताच्या बातमीत हेच शब्द आले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “थारोळ्यात पानी असतंय. रगात न्हाई,” म्हणाले आणि पुढची बातमी वाचायला सांगितली.

वाक्प्रचार चुकीचा नाही. भाषेने तो स्वीकारला आहे आणि तुम्हीही खुशाल वापरा. घामाचं थारोळंही चालेल. पण नळाखाली, मोरीत, अंगणात पाणी साचलं की ‘डबकं’ म्हणण्याऐवजी एखादे वेळी ‘थारोळं’ म्हणून बघा. शब्द नपुंसकलिंगी आहे: ते थारोळं, ती थारोळी.