वावरातल्या कोरड्या बोअरमध्ये कोणी पडलं तर जबाबदार कोण?

तुमचं वावर बटईने दिलेलं आहे, त्यात कोरडा गेलेला बोअर तसाच उघडा आहे. काही झालं तर जबाबदारी तुमची, बटईदाराची की बोअरच्या गाडीवाल्याची, असं तुम्ही विचारलंय.

पहिली तुमची. सातबारा तुमच्या नावावर आहे. बटईदाराचा निष्काळजीपणा निघाला तर तोही अडकेल, पण म्हणून तुम्ही सुटत नाही. जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

बोअरची काय काळजी घ्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट करून ठेवलंय. बोअर घ्यायच्या १५ दिवस आधी लेखी कळवायचं, केसिंगभोवती, म्हणजे बोअरमध्ये वरून बसवलेल्या पाइपाभोवती, सिमेंटचा ओटा करायचा, तोंड पक्कं बंद करायचं. मोटर दुरुस्तीला काढली तरी बोअर उघडा सोडायचा नाही. आणि निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून टाकायचा.

आपल्याकडे दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या २०१६ सारख्या वर्षात, लोक एकामागून एक बोअर मारत जातात. पाणी नाही लागलं की केसिंग उपसून पुढच्या बोअरला वापरतात, कारण पाइप महाग. केसिंग निघाली की वरची काळी माती ढासळते आणि साडेसहा इंचाचं तोंड पावसाळ्यागणिक रुंद होत जातं. त्यावर एक पोतं अन् दगड. कापूस गुडघ्याला आला की तेही दिसत नाही, आणि वेचणीला आलेल्या बायांची लेकरं तिथंच खेळत असतात. याचा मला फार संताप येतो.

भरताना मोठे धोंडे टाकू नका. ते मध्येच अडकतात, वरून भरल्यासारखं वाटतं आणि खाली पोकळी राहते. बोअर मारताना निघालेला चुरा, बारीक मुरूम, वाळू हळूहळू सोडा, अधूनमधून पाणी ओता. वरचे दोन-तीन फूट मातीने ठोकून घ्या. फोटो काढा, ग्रामपंचायतीला लेखी कळवून पोच घ्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर जाऊन बघा, खचलं असेल तर परत भरा.

भरायला आठवडा लागणार असेल तर आजच बटईदाराला फोन करा. तोंडावर जाड लोखंडी पत्रा ठेवून त्यावर वजन द्यायला आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायला सांगा.