गड्ड्याला नेमकं कधी जायचं?

प्रश्न : आम्ही बदली होऊन सोलापुरात आलो, जुळे सोलापूरला राहतो. पोरं सात नि अकरा वर्षांची, शाळेत सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेचं, म्हणजे गड्ड्याचं, ऐकून आल्यापासून गड्डा गड्डा करून डोकं खातायत. शेजारच्या काकू म्हणतात संक्रांतीलाच जा, ऑफिसातले म्हणतात त्या दिवशी पाळण्याकडं फिरकूच नका. कुणाचं ऐकायचं? आणि पाळणे बसण्यासारखे असतात का ओ?

उत्तर : दोघांचंही ऐका की ताई. काकू यात्रेबद्दल बोलतायत आणि ऑफिसवाले पाळण्यांबद्दल, आणि एकाच फेरीत दोन्ही उरकायला गेलात तर धड काहीच बघून होत नाही.

यात्रा बघायची तर भोगीच्या दिवशी जा. ज्यांची ही यात्रा ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, गावाभोवती ६८ लिंगं त्यांनी स्थापली, आणि कुंभाराच्या मुलीनं लग्नाचा हट्ट धरला तेव्हा ते ब्रह्मचारी म्हणून त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं अशी कथा आहे, तेच लग्न दरवर्षी भोगीला सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर लागतं. बाराबंदी (बंद बांधायचा पांढरा अंगरखा) घातलेली माणसं सात उंच नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या काठ्या, पेलत येतात, 'दिड्डम दिड्डम' ऐकू आलं की अक्षता पडतात. पोरांना सकाळीच खाऊ घालून न्या, सावली बघून उभं राहा. संक्रांतीला होम, किंक्रांतीला रात्री शोभेचं दारूकाम, तेही भारी, पण सातवर्षाच्या पोराला त्या गर्दीत मी तरी नेणार नाही.

पाळणे कुठं पळून जात नाहीत. होम मैदानावर ते सण झाल्यावरही बरेच दिवस असतात, तेव्हा मधल्या वारी, अंधार पडायच्या जरा आधी जा, रांग कमी असते आणि लायटिंगपण बघायला मिळते. आकाशपाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो कारण बूड टेकलेली सीटच खाली जात असते, अंग हलकं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ब्रेकडान्स नावाचा पाळणा मात्र एकाच वेळी दोन तऱ्हेनं फिरतो, कानातलं तोल सांभाळणारं पाणी गोंधळतं, म्हणून भजी खायची तर नंतर. बसल्यावर दांडा लागला का ते पाळणेवाल्यावर सोडू नका, स्वतः ओढून बघा, ढिला वाटला तर सरळ उतरा, तिकिटाचे पैसे गेले तर गेले. ओढणी बांधून घ्या. धाकट्याला आतल्या बाजूला बसवा.

मौत का कुआँ, म्हणजे फळ्यांच्या विहिरीत भिंतीवरून गाडी फिरवायचा खेळ, थोरल्याला नक्की दाखवा, माझ्या मते गड्ड्यातली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट तीच. गाडी उभ्या फळ्यांवर टिकते ती वेगामुळं, गोल फिरताना टायर भिंतीवर दाबले जातात आणि घर्षणानं धरून राहतात, वेग कमी झाला की गाडी घसरणार. म्हणून गाडीवाला आधी खालच्या उतारावर वेग घेतो मगच भिंतीवर चढतो. वर उभं राहिलात की अख्खा सांगाडा पायाखाली थरथरतो, पोराला कठड्यावर अजिबात बसवायचं नाही, आणि पोरं वाकून गाडीवाल्यापुढं नोट धरतात ते करू देऊ नका.

गाडी लांबच लावा, चालत या. आणि धाकट्याच्या खिशात तुमच्या मोबाइल नंबरची चिठ्ठी टाका, तो म्हणेल मला पाठ आहे, तरी टाका.