पिशवी कपाटात नको, दाराच्या कडीला

प्रश्न : गेल्या वर्षी मोठ्या हौसेने कापडी पिशव्या, बांबूचे ब्रश, कचऱ्याचे वेगवेगळे डबे आणले. महिनाभर छान चाललं. आता पिशव्या कपाटात पडून आहेत आणि मी हात हलवत बाजारात जाते. घरचे चिडवतात, ‘काय झालं तुझ्या पर्यावरणाचं?’ माझ्यातच चिकाटी कमी आहे का?

उत्तर : चिकाटीला बोल लावू नका. तुम्ही वस्तू आणल्यात, सवय लावायची राहून गेली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लाली यांनी ९६ जणांना एकच छोटी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगी करायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. ‘२१ दिवसांत सवय’ हे ऐकून ऐकून आपण बाविसाव्या दिवशी उगाच स्वतःवर वैतागतो.

आता पिशवीचं बघू. ती घरातून निघताना विसरते असं वाटतं, पण खरी गफलत आदल्या खेपेलाच झालेली असते. सामान काढलं, पिशवी ओट्यावर राहिली, मग कुणीतरी घडी घालून कपाटात टाकली. पिशवी रिकामी झाली की लगेच दाराच्या कडीला अडकवायची, एवढंच ठरवा. माझ्या कडीला एक मळकट पिशवी कायम लोंबकळत असते. पाहुण्यांना खटकते. खटकू दे!

आणि नवी पिशवी अजिबात घेऊ नका. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये हिशेब मांडला होता : प्लास्टिकची पातळ पिशवी एकदाच वापरून फेकली असं धरलं, तरी हवामानावरच्या भारात तिच्याशी बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कपाटातल्या पिशवीचा हा हिशेब पुढे सरकतच नाही.

सगळं झेपत नसेल तर बाकीचं बाजूला ठेवा, ओला कचरा तेवढा वेगळा काढा आणि त्याचं खत होईल असं बघा. कचऱ्याच्या ढिगात तो दाबला गेला की हवा न मिळता कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त तापवतो. ओला डबा चिरायच्या जागेशी, अगदी हाताशी हवा. सुका लांब असला तरी चालतो. बहुतेक घरांत नेमकं उलटं असतं.

घरच्यांना भाषण देऊ नका. हॉटेलांतल्या टॉवेलांवर एक प्रयोग झाला होता, २००८ मध्ये छापून आला. ‘पर्यावरण वाचवा’ अशा पाटीपेक्षा ‘इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ ही पाटी जास्त चालली. तुमची कडीला लटकलेली पिशवी रोज दिसू दे, तीच पाटी.

प्रश्न : स्वस्त कपडे घेताना ते शिवणाऱ्यांची आठवण येते. महागडा ब्रँड घेतला तर मन शांत होईल का?

उत्तर : मन होईलही, पण किमतीवरून काही कळत नाही. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, १,१३४ माणसं गेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी शिवणकामगारांना कामावर बोलावलं गेलं. तिथे नामांकित ब्रँडचेही कपडे शिवले जात होते. कमी घ्या, उसवलं तर शिवून वापरा. कोणते कारखाने आपला माल शिवतात याची यादी काही कंपन्या जाहीर करतात. ती नसेल तर दोन ओळींचा ईमेल टाकून मागा. आणि हो, तुमच्या स्वतःच्या घरी काम करणाऱ्या कुणाचे पैसे थकले असतील, तर ते ईमेलच्या आधी.