सड्यावर जाण्याआधी बूट बघ

कासच्या सड्यावर, म्हणजे साताऱ्याजवळच्या फुलांच्या कातळ-पठारावर, पहिल्यांदाच निघालायस ना? मग कॅमेऱ्याआधी बूट बघ. तळव्याच्या खाचांतला वाळका चिखल घरीच काडीने टोकरून काढ, ब्रशने घास; त्या चिखलातून तणाचं बी सड्यावर पोचतं. गाजर गवताचं बी जेमतेम दोन मिलिमीटरचं, एका झाडाला हजारोंनी धरतं. १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेला आलेलं हे गवत आज देशभर पसरलंय. मोजे, वेल्क्रो, सॅकचा तळही तपास. चिकटलेलं बी वाटेवर झटकू नकोस, पिशवीत भरून परत आण. आणि कृपा करून कॉसमॉस या बाहेरून आलेल्या शोभेच्या फुलझाडाचं बी उधळत फिरू नकोस! फोटोत झकास दिसतो, पण सड्यावरच्या चार बोटं मातीत सोनकी-तेरड्याची जागा बळकावतो. हिवाळ्यात रानमोडी या परक्या तणाच्या झुडपांतून वाट काढताना काठीने झोडपणंही टाळ, तिचं बी वाऱ्यावर उडतं.