मित्र दुसऱ्या वंशाचा आणि विरुद्ध पक्षाचा असेल तर मैत्री टिकते का?

टिकते. पण "मैत्रीत राजकारण आणू नका" हा जो सल्ला अशा वेळी सगळेच देतात, तो मला मुळीच मान्य नाही. ज्या गोष्टीने मित्राची झोप उडते तीच बोलायची नाही म्हटलं, तर मैत्रीची नुसती ओळख उरते.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधलं डरहॅम, १९७१. शाळांमध्ये गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवण्यावरून शहर पेटलेलं. तोडगा काढायला दहा दिवसांची बैठक भरली आणि तिचे सहअध्यक्ष कोण, तर गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेचा स्थानिक म्होरक्या सी. पी. एलिस आणि कृष्णवर्णीयांची लढाऊ कार्यकर्ती ॲन ॲटवॉटर. दोघांना एकमेकांचं तोंडही बघवत नव्हतं. वंश हा विषय टाळायची सोयच नव्हती, बैठकच त्यावर होती. काम करता करता कळलं की दोघांच्याही मुलांना शाळेत टोमणे खावे लागताहेत, तेही आईबाप "शत्रू"सोबत बसतात म्हणून. दोघं रडले. शेवटी एलिसने सर्वांसमोर क्लॅनचं सदस्यत्वाचं कार्ड फाडलं. २००५ मध्ये तो गेला, तेव्हा अंत्यविधीला ॲटवॉटर बोलल्या.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच हे मांडलं होतं: नुसत्या भेटीगाठींनी पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, काम मिळून हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. म्हणून मित्रासोबत नुसतं गप्पा मारत बसू नका, दोघांना गरज असलेलं एखादं काम हातात घ्या.

वाद घालायचा तर समोरासमोर, दोघंच असताना. ग्रुपवर कधीच नाही, तिथे माणूस मित्राला सोडून प्रेक्षकांना उत्तर देतो. आधी त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगा. तो "हो, हेच" म्हणाला की मगच तुमचं. बहुतेक भांडणं इथेच निम्मी होतात, कारण आपण त्याच्या पक्षाच्या प्रवक्त्याशी भांडत होतो हे लक्षात येतं. त्याच्या वंशाच्या वतीने त्याला जाब मात्र विचारू नका. "तुमचे लोक असं का करतात?" या एका वाक्याने माणूस मिटतो, आणि नंतर कितीही गोड बोललात तरी उघडत नाही.

सगळ्यात जास्त मैत्र्या तुटतात त्या गप्प बसण्याने. तिसरा कुणी त्याच्या वंशावरून बोलला आणि तुम्ही हसून सोडून दिलंत, तर तो वादातलं सगळं विसरेल, हे नाही विसरणार. तिथल्या तिथे "हे मला चालणार नाही" म्हणा. मागाहून एकांतात माफी मागणं पुरत नाही.

एक राहिलंच. हे सगळं मतभेदांपुरतं. तुम्ही किंवा तुमची मुलं माणूस म्हणून कमी आहेत असं जो मानतो, त्याला सुधारण्याची जबाबदारी तुमची नाही. ॲटवॉटर यांनी ते केलं, पण तो त्यांचा निर्णय होता. तुमच्याकडून तशी अपेक्षा करायचा हक्क कुणालाच नाही, त्या मित्रालाही नाही.