हात पसरले म्हणजे ख्रिस्त नव्हे

कथा-सिनेमांतल्या ख्रिस्तासारख्या पात्रांवर निबंध लिहायचा, तर पडद्यावर कुणी हात पसरून पडला की लगेच वहीत ‘ख्रिस्त’ लिहू नकोस. मीही सुरुवातीला तेच करायचो. मग प्रत्येक दमलेला नायक मला क्रुसावरच दिसायला लागला! १९६७ च्या ‘कूल हँड ल्यूक’ सिनेमात ५० उकडलेली अंडी खाऊन ल्यूक तसाच आडवा होतो. खूण मुद्दाम पेरलेली, पण तेवढ्यावर थांबू नकोस.

आधी स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ कादंबरीतला (१९३९) माजी धर्मोपदेशक जिम केसी वाच. आद्याक्षरं जे. सी., म्हणजे जीझस ख्राइस्टचीच, हे सगळेच सांगतात. मला त्याची कृती मोठी वाटते. नायक टॉमवर येणारा दोष अंगावर घेऊन तो तुरुंगात जातो. पुढे संपात मारेकरी समोर आल्यावर म्हणतो, तुम्ही काय करताय ते तुम्हाला कळत नाही. आता शेजारी बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, २३:३४ उघडून ठेव; क्रुसावरचा ख्रिस्तही तसंच म्हणतो. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ हा भाग केसीच्या तोंडी नाहीच! तो उपाशी पोरांबद्दल बोलतो. साम्य टिपलंस की अशी गाळलेली जागा शोध, निबंध तिथे सुरू होतो.

मरून उठणारे सुपरहिरो मात्र शेवटी घे. तिथे खुणा ढीगभर, हाताला लागतं थोडंच.