हनीड्यूला चिबडाचं वेळापत्रक चालत नाही

तुम्ही विचारलंय की, बाजारातून आणलेल्या हनीड्यू खरबुजाच्या बिया दोन वर्षं जूनमध्ये परसात लावल्या, वेल मांडवभर पसरले, पण फळं मुठीएवढी होऊन सडली. तर कोकणच्या हवेत हे फळ होतच नाही का?

होतं, आणि चांगलं गोड होतं. आमचं घर गुहागरकडे, आगराच्या कडेला, पुळणीपासून जवळ. तिथे गेली काही वर्षं मी दर हिवाळ्यात चार-पाच वेल लावतो. तुमचं चुकलं ते महिन्यात, आणि ही चूक आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाची होते, कारण आपल्या डोळ्यांसमोर चिबूड, म्हणजे आपलं पावसाळी खरबूज, असतं. मृगाला बी टोकायचं, गणपतीला माटवीवर, म्हणजे मूर्तीवरच्या सजवलेल्या चौकटीवर, चिबूड टांगायचं, हे लहानपणापासून बघितलेलं. हनीड्यू तर चिबडाचं सख्खं भावंड, शास्त्रीय नावसुद्धा एकच, कुकुमिस मेलो. मग त्यालाही पाऊस मानवेल असं वाटतं. पण चिबूड आपल्या पावसात वाढलेलं आहे आणि हनीड्यू मूळचं दक्षिण फ्रान्स आणि अल्जीरियाच्या कोरड्या उन्हातलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात पानांवर केवडा, म्हणजे पिवळे डाग पाडणारा रोग, येतो, मधमाशी बाहेर पडत नाही म्हणून फळ धरत नाही, आणि धरलं तर ओल्या मातीला टेकून सडतं.

भातं कापून झाल्यावर शेतकरी मळ्यात कलिंगड टोकतात, तोच हनीड्यूचाही काळ. मी नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बी घालतो. बी घातल्यापासून फळ उतरेपर्यंत साधारण ९० ते १०० दिवस लागतात, म्हणजे मार्चमध्ये फळ हातात येतं आणि मेमधल्या वळिवाची धास्ती राहत नाही.

बियांबद्दल एक सांगतो. बाजारातलं फळ बहुधा संकरित जातीचं असतं. त्याच्या बिया रुजतात, पण फळ आईबापांसारखं येईलच असं नाही. चिबडाचं बी राखेत घोळून पुढच्या वर्षाला ठेवतो, तसं इथे जमत नाही. कृषी सेवा केंद्रातून एक छोटं पाकीट आणा, चार-पाच वेलांना ते पुरून उरतं. शेजारी काकडी असली तर खरबूज फिकं होतं असं पुष्कळजण सांगतात. त्यात तथ्य नाही, काकडीची प्रजातीच वेगळी. चिबडाशी मात्र संकर होतो, पण त्याचा परिणाम फळातल्या बीवर होतो, त्या वर्षीच्या गरावर नाही.

बी कोमट पाण्यात पाच-सहा तास भिजवून कागदी पेल्यात अर्धा इंच खोल पेरतो. डिसेंबरच्या रात्री गारठा असतो आणि या बीला ऊब लागते, म्हणून पेले रात्री चुलीजवळ ठेवतो, दिवसा अंगणात. दोन-तीन खरी पानं आली की पेला फाडून मातीच्या गोळ्यासकट आळ्यात लावतो. मुळं दुखावली की वेल पंधरा दिवस मागे पडतो. आळं दीड फूट खोल, त्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत. आपली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी, खरबुजाला ती तितकी मानवत नाही, म्हणून ओंजळभर राखही मिसळतो. पुळणवट माती असेल तर उत्तमच, फक्त खत जास्त घाला. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर पानांच्या कडा करपतात. तसं असेल तर लवकर पेरणी करून मार्चच्या आत आटपा.

चार-पाच पानं झाली की शेंडा खुडा. हे करायला लोकांचा जीव होत नाही, पण नुसती नर फुलं मुख्य वेलावर जास्त येतात आणि देठाशी इवलासा गोळा असलेली फुलं बगलफांद्यांवर. सकाळी नवाच्या आत नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि त्याचे पराग गोळा असलेल्या फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचे. वेलावर दोनच फळं ठेवतो, फार तर तीन. खाली पेंढा किंवा नारळाचं सोडण द्यायचं.

सगळ्यात जास्त नुकसान फळमाशी करते. लिंबाएवढ्या फळात अंडी घालते, आणि फळ आतून नासलं की मगच आपल्याला कळतं. इथे एक फसगत होते: घरी आंब्यासाठी आणलेला फळमाशीचा ‘रक्षक’ सापळा असतो, तोच लोक वेलाजवळ टांगतात. त्यातलं मिथाइल युजेनॉल हे आमिष आंब्याच्या माशीला ओढतं. वेलवर्गातली माशी निराळी, तिला क्यू ल्यूर हे दुसरं आमिष लागतं. मीही एक हंगाम आंब्याच्या सापळ्यावर विसंबलो आणि सहा फळं घालवली. आता सापळा क्यू ल्यूरचा लावतो आणि शिवाय फळ लिंबाएवढं व्हायच्या आतच त्याला जुन्या धोतराच्या कापडाची सैल पिशवी बांधतो. किडकं फळ गायरीत (शेणखताच्या खड्ड्यात) टाकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-आठ दिवस उन्हात ठेवा. तांबडे भुंगेरे पहाटे सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचायचे. भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी, दिसायला लागली की एक भाग दूध, नऊ भाग पाणी असं दर आठवड्याला फवारतो. सुरुवातीलाच केलं तर गुण येतो. माकडांवर मात्र जाळीशिवाय इलाज मला सापडलेला नाही.

आता काढणी, जिथे चिबूड पुन्हा आपल्याला चकवतं. चिबूड पिकलं की तडकतं, घमघमतं. हनीड्यू तडकत नाही आणि जाळीदार खरबुजासारखं देठापासून आपणहून सुटतही नाही. आमच्या आईने पहिल्या वर्षी वासाची वाट बघत फळं वेलावरच ठेवली आणि ती खालून पाणचट झाली. दुसऱ्या वर्षी घाई केली, तर चव काकडीची. वेलावरून काढल्यावर याची गोडी वाढत नाही, कारण साखर होण्यासाठी या फळात पिठूळ साठा नसतो. फक्त गर मऊ पडतो. म्हणून फळ धरल्या दिवशी मी देठाला तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधतो. ४० दिवस झाले की रोज हात लावून बघायचं. हिरवट पांढरा रंग जाऊन सायीसारखा पिवळसर होतो, सालीवरची बारीक लव जाऊन हाताला मेणचट लागतं, आणि देठाच्या उलट टोकाला अंगठ्याने दाबलं तर किंचित दबतं. तिन्ही खुणा जुळल्या की देठाचा इंचभर तुकडा ठेवून सुरीने कापा, ओढू नका. शेवटच्या आठ-दहा दिवसांत पाणी निम्म्यावर आणायचं, पण पानं कोमेजू द्यायची नाहीत. काढल्यावर दोन-तीन दिवस घरात ठेवून मग चिरा.

आणि जूनमध्ये चिबूड जरूर लावा, फक्त त्याच आळ्यात नको; रोग मातीत राहतात. परसाच्या दुसऱ्या टोकाला लावा.